पोटात ठेवलेलं हाड

माणसाच्या कवटीत बावीस हाडं असतात. आठ मेंदूभोवती, चौदा चेहऱ्यात. गेल्या वर्षी पाच महिने माझ्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा माझ्या पोटात होता, उजव्या बाजूला, कातडीच्या खाली. डोक्याच्या ऑपरेशनमध्ये तो काढावा लागला, मेंदूची सूज उतरेपर्यंत परत बसवता येईना, आणि शरीरातच ठेवलं की हाड चांगलं राहतं, म्हणून पोटात. तुमच्या घरात कुणाचं असं झालं असेल तर आधीच सांगते, ऐकायला भयंकर वाटतं तेवढं ते दुखत नाही. कुशीवर वळताना टोचतं, एवढंच.

गोळ्या, टाके, फिट येऊ नये म्हणून काय करायचं, हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी जे सांगणार आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आजारी माणूस जळतो. धडधाकट माणसांवर तर जळतोच, पण जो आपली सेवा करतो त्याच्यावर सगळ्यात जास्त जळतो. मी माझ्या सख्ख्या बहिणीवर पाच महिने जळले. माझ्या आजारपणाचं दुसरं सगळं विसरता येईल, हे नाही, म्हणून हेच लिहिते.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. माझा नवरा विलास रबाळ्याला एका कंपनीत आहे. मुलगी केतकी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला. मी एका मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात एकवीस वर्षं तंत्रज्ञ आहे. मुलांना अभ्यासाला हाडं काढून देणं, परत घेऊन कपाटात लावणं, परीक्षेच्या दिवशी त्यांवर खुणा करून ठेवणं, हे माझं काम. आणि बहीण दमयंती. आम्ही तिला दमू म्हणतो. माझ्याहून चार वर्षांनी लहान. उरणला मोऱ्याला राहते, तेच आमचं माहेरचं गाव. सुकी मासळी करून बाजारात विकते. तिचा नवरा लग्नानंतर सहा वर्षांत वारला, मूलबाळ झालं नाही.

लाल ठिपका

डोळ्याच्या मागे, कानाच्या थोडं पुढे आणि वर, कवटीवर एक जागा आहे. फ्रंटल, पॅरायटल, टेम्पोरल आणि स्फेनॉइड ही चार हाडं तिथे एकमेकांना मिळतात. त्या जागेला टेरियन म्हणतात. तिथलं हाड इतकं पातळ असतं की कवटी खिडकीशी धरली तर आरपार उजेड दिसतो. आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रक्तवाहिनी जाते. दर वर्षी परीक्षेआधी मी तिथे लाल ठिपका देते, आणि दर वर्षी आमचे सर मुलांना तेच सांगतात. इथे मार बसला की माणूस उठून बसतो, बोलतो, हसतो, घरी जातो आणि काही तासांनी कोसळतो. मधल्या बरं वाटण्यावर विश्वास ठेवू नका. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की सर थांबले तर मी पुढे म्हणू शकेन.

सप्टेंबरात केतकीचा वाढदिवस होता. दमू सकाळीच आली, दर वर्षी येते तशी, डबाभर कोलंबी आणि पापलेटं घेऊन. आणि दर वर्षी जेवताना केतकी म्हणते, "मावशीच्या हातचं कालवण म्हणजे ना... आई, सॉरी हां." मी हसायचे. हसताना दात दिसतात, बाकीचं दिसत नाही. त्या वर्षी मी ठरवलं होतं की कालवण मी करणार, दमूने फक्त कोलंबी सोलून द्यायची.

नारळ संपले होते. दुपारी चारच्या सुमाराला मी खाली जाऊन आणले. सोसायटीचा जिना नुकताच धुतला होता. दुसऱ्या मजल्याच्या वर पाय सटकला आणि डोक्याची डावी बाजू लोखंडी कठड्यावर आपटली. क्षणभर अंधारी आली. मग उठले, ओढणी झटकली, घरंगळलेले नारळ गोळा केले आणि वर आले.

दमूने पाहिलं. "ताय, गाठ आली बग केवडी. चल, दवाखान्यात दाखवून येवू."

"काही नाही गं. बर्फ लावते."

"डोक्याला लागलंय. हात-पाय नाय तो. केतकी, तुज्या आईला घेऊन जा तू. कालवनाचं मी बघते."

त्या शेवटच्या वाक्याने माझा निर्णय झाला. मी बाथरूममध्ये जाऊन आरशात पाहिलं आणि गाठीवर बोट ठेवलं. टेरियन. मी एकवीस वर्षं जिथे ठिपका देत होते, बरोबर तिथे. मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटणं हीच धोक्याची खूण आहे हे माहीत असलेली त्या घरात मी एकटी होते. तरी मी बाहेर आले आणि नारळ खवायला बसले. कारण मी गेले असते तर कालवण दमूने केलं असतं आणि केतकी बोटं चाटत बसली असती. दुसरं काही कारण नव्हतं. डॉक्टरांनी नंतर विचारलं, तीन तास उशीर का केलात? विलास म्हणाला, तिला काही जाणवलंच नाही. मी गप्प बसले.

सातच्या सुमाराला, केकवर मेणबत्ती लावण्याआधी, मी खुर्चीवरून कलंडले. मला आठवत नाही. आतल्या खोलीत असलेल्या विलासला दमूने हाक मारली, लिफ्ट बंद होती म्हणून शेजाऱ्यांना घेऊन मला चादरीतून तिनेच उतरवलं, आणि रिक्षात माझी मान हलू नये म्हणून डोकं दोन्ही हातांत धरून बसली. जो भेटायला आला तो मला हेच सांगत होता. बहिणीमुळे वाचलीस. मी मान हलवायचे. खरं होतं ते, आणि दर वेळी ऐकताना अंगाचा तिळपापड व्हायचा.

नो बोन

हॉस्पिटलमधले पहिले आठ-नऊ दिवस माझ्याकडे नाहीत. नंतरचं पहिलं आठवतं ते तोंडाचं कोरडेपण. मी "पानी" म्हणाले. लग्नानंतर शहरात राहून, कॉलेजात नोकरी करून मी आमची गावची बोली जिभेवरून घासून काढली होती. विलासनेसुद्धा ती माझ्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आणि शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द निघाला तो असा. दमू खाटेशीच उभी होती. तिचा चेहरा उजळला. "आपली ताय आली," ती विलासला म्हणाली. मला वाटलं, आली खरी, पण हिची ताय आली, विलास-केतकीची कुणी नाही आली.

माझ्या बँडेजवर डाव्या बाजूला काळ्या मार्करने इंग्रजीत लिहिलं होतं, 'नो बोन'. म्हणजे इथे हाड नाही, कूस बदलताना जपा. काळजी म्हणून सगळीकडे लिहितात, बरोबरच आहे. पण जन्मभर मी हाडांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि आता हाड नाही म्हणून माझ्यावर चिठ्ठी लागली. मी हातवारे करून नर्सला ते पुसायला सांगितलं. तिने हसून माझा हात खाली ठेवला. तिची वेणी कमरेपर्यंत होती. मी दिवसभर त्या वेणीकडे बघत राहिले.

हॉस्पिटलचा दिवस एका चालीवर चालतो. सकाळी अंग पुसणं, साखर, ब्लड प्रेशर, डॉक्टरांची फेरी. मग फिजिओ येऊन उजवा हात, उजवा पाय हलवून जाणार. चारला भेटायची वेळ. मी चारची वाट बघायचे आणि चार वाजले की चिडायचे, कारण केतकी आत यायची ती दमूचा हात धरून. ती माझ्या उजव्या बाजूला बसायची. डाव्या बाजूला, जिथे कातडी आत बसली होती, तिकडे ती बघत नसे. पोरीला दोष देत नाही. मी स्वतःला पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा मीही तोंड फिरवलं होतं.

बाजूच्या खाटेवर घणसोलीच्या एक वयस्कर बाई होत्या. अर्धांगवायू झालेला. माझ्यानंतर चार दिवसांनी आल्या आणि माझ्याआधी चालत गेल्या. जाताना त्यांच्या सुनेने पेढा दिला. मी तो उशीखाली ठेवला आणि खाल्ला नाही. आयाबाईला तो सापडला, तिने काही न विचारता अर्धा मला भरवला आणि अर्धा स्वतः खाल्ला. "गोड हाय," म्हणाली. त्या दोन महिन्यांत माझ्यावर दया न दाखवता कुणी केलेली ती एकच गोष्ट.

मार डाव्या बाजूला होता, आणि मेंदूत बोलणं त्याच बाजूला राहतं. वाक्यं यायची पण नावं यायची नाहीत. वाचा सुधारणाऱ्या मॅडम चित्रांचे पत्ते घेऊन यायच्या. कंगवा दाखवला की मी म्हणायचे, "ते... केसांचं." चमचा दाखवला की, "ते जेवायचं." वस्तू कळायची, वापर कळायचा, नाव म्हणून ओठ हलवले की रिकामं. माणसांची नावं तर भलतीच यायची. केतकीला मी दमू म्हणून हाक मारायचे. एकदा नाही, रोज. केतकी "मी केतकी गं आई" म्हणून मला दुरुस्त करायची आणि मागे उभी राहून दमू हसू दाबायची. मला वाटायचं, माझी जीभसुद्धा हिला जाऊन मिळाली.

आणि हाडं. बावीसपैकी एकाचंही नाव येत नव्हतं.

दमूचं राज्य

मला घरी आणलं तेव्हा हॉलमध्ये खाट लावली होती. दमू घरातच राहिली. मोऱ्याचं घर कुलूप लावून, मासळीचा हंगाम सोडून आली होती. हे मोठं होतं. हे मी तेव्हाही जाणत होते आणि त्यामुळे राग जास्त यायचा, कारण उघड रागवायला जागाच राहिली नव्हती.

खाटेवरून मला स्वयंपाकघराचा अर्धा भाग दिसायचा. मसाल्याच्या डब्यात हळद मधल्या वाटीत असते, ती तिने कडेला नेली. चहाची गाळणी खिळ्याला टांगली. माझी ताटं खालच्या फळीवर. विलास दुसऱ्यांदा भात घ्यायला लागला. कंपनीतून आल्यावर तो आधी माझ्याजवळ बसायचा, कपाळावर हात ठेवायचा, "टेन्शन घेऊ नको, होईल सगळं," म्हणायचा. मग आत जायचा आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. काही वावगं नव्हतं हो त्यात. दमू बोलतेच तशी, मेलेला माणूस उठून हसेल. पण मी मेले नव्हते, मी बाहेर पडून होते आणि मला कुणी हसवत नव्हतं. माझ्याशी सगळे हळू आणि मोठ्याने बोलायचे, जसं आपण परप्रांतातल्या पाहुण्याशी बोलतो.

रविवारी सकाळी दमू केतकीच्या डोक्याला तेल लावायची. खिडकीपाशी, माझ्या समोर. एके काळी ते मी करायचे, पुढे केतकी मोठी झाली, तिला तेल नकोसं झालं, म्हणून बंद केलं. आता मावशीपुढे मांडी घालून बसायची. दमूची बोटं तिच्या केसांत फिरायची आणि मला त्या बोटांखालची हाडं दिसायची, पुढचं, वरची दोन, मागचं. हाडं जिथे जुळतात त्या नागमोडी शिवणी. दिसायची सगळी, नाव एकाचंही नाही. माझी पोर, तिची अख्खी कवटी, आणि दुसऱ्या बाईचे हात. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. उजव्या कुशीवर पोटातलं हाड टोचायचं, तरी त्याच कुशीवर.

भीती एकच होती. मी बरी झाले तरी या घराला माझी गरज उरणार नाही, आणि केतकीला तर नाहीच. विलासचं सोडा, नवरे चार दिवसांत कशालाही सरावतात. पण केतकीला मी लागते ती कशासाठी? जेवण दमू करत होती. लाड दमू करत होती. माझ्याकडे एकच होतं जे दमूकडे नव्हतं, ती हाडांची नावं. केतकी फिजिओला गेली तीच मुळात माझ्या कपाटातल्या कवट्या बघत मोठी झाली म्हणून. आणि तेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

आमच्या घरी एक फायबरची कवटी आहे. विभागाने रद्दीत काढली तेव्हा सरांना विचारून मी आणली. जबडा स्प्रिंगवर, वरचं झाकण तीन हुकांनी लागतं, उघडून आत बघता येतं. एकदा ती समोरच्या टेबलावर होती आणि मी तिच्याकडे बघत विचार करत होते, की हिचं झाकण हवं तेव्हा काढता येतं, हवं तेव्हा लावता येतं. मी एका प्लॅस्टिकच्या वस्तूवर जळत होते. इथवर वेळ आली होती. तुमच्यावर आली तर घाबरू नका.

दमू पाठ घेते

जानेवारीत केतकीची कवटीवरची तोंडी परीक्षा होती. आधी तिचा पाठ मी घेणार असं आमचं ठरलं होतं, कॉलेज सुरू झालं तेव्हापासून. आता ती आतल्या खोलीत एकटीच पुटपुटायची.

एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते. आतून दमूचा आवाज आला.

"आन ते डोकं इकडं. मी विचारते, तू सांग."

"मावशी, तुला कसं कळणार चूक की बरोबर?"

"पुस्तकात चित्र हाय ना. त्याच्यावर रेघ मारून नाव लिवलंय. सातवी शिकलेली हाय मी, वाचता येतं."

आणि मग रोज दुपारी सुरू झालं. दमू विचारायची, केतकी सांगायची. दमूचे उच्चार पहिल्या दिवशी ऐकण्यासारखे होते. स्फेनॉइडला ती 'सपनाद' म्हणायची आणि केतकी खिदळायची. मीही भिंतीकडे तोंड करून हसले, दुष्टपणाने. चौथ्या दिवशी ती स्फेनॉइड म्हणाली. स्वच्छ. माझ्या पोटात दुखलं, आणि ते हाडामुळे नव्हतं. जी बाई पूर्वी मुक्कामाला आली की माझ्या घरातल्या त्या कवटीवर फडकं टाकून झोपायची, अपशकुन नको म्हणून, ती आता स्फेनॉइड म्हणत होती. आणि मी 'ते केसांचं' म्हणत होते.

आठवड्याभराने त्या दोघी हॉलमध्येच बसायला लागल्या, आतला दिवा मंद म्हणून. माझ्यासमोर. मी बघत होते. दमूने कवटी उचलली ती डोळ्यांच्या खोबणीत दोन बोटं घालून. कवटी असं कधी उचलत नाहीत. तिथली आतली हाडं कागदासारखी असतात, फुटतात. एकवीस वर्षं पहिल्या दिवशी पहिलं मी मुलांना हेच सांगते, दोन्ही हातांनी धरा, खालून आधार द्या. फायबरची का असेना. 

दमूने गालाच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. "हे?"

केतकी थांबली. "मॅक्झिला?"

दमूने पुस्तकात बघितलं. रेघा जवळजवळ होत्या, तिची नजर शेजारच्या, वरच्या जबड्याच्या रेघेवर गेली. "बरोबर. मॅक्झिला."

"झायगोमॅटिक," मी म्हणाले.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मला स्वतःलाच कळलं नव्हतं की मी बोलले. आवाज फाटका आला होता, पण शब्द पूर्ण होता.

"झायगोमॅटिक," मी परत म्हणाले. "आणि बोटं काढ आधी डोळ्यातनं."

केतकी किंचाळलीच. तिने पुस्तक फेकलं आणि मिठी मारली. दमूला. दमू तिच्या जवळ होती म्हणून, हे मला कळतं. मग धावत माझ्याकडे आली, रडली, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, डाव्या बाजूला, पहिल्यांदाच. पण आधी दमूला. माझ्या तोंडून चार महिन्यांनी पहिलं हाड निघालं आणि त्याचं पहिलं बक्षीस तिला मिळालं.

त्या दिवसापासून मी पेटले. दमूने विचारायच्या आत मी सांगायचं, एवढाच ध्यास. तिने पुस्तक उघडलं की मी उठून बसायचे. मागचं, ऑक्सिपिटल. खालचा जबडा, मॅन्डिबल. काही शब्द यायचे, काही जिभेवर येऊन परत जायचे, तेव्हा दमूने सांगितलेले ऐकून मी ते रात्रभर घोकून ठेवायचे, दुसऱ्या दिवशी तिच्या आधी म्हणायला. वाचेच्या मॅडम म्हणाल्या, प्रगती फार चांगली आहे, घरी काय व्यायाम करता? मी म्हटलं, "बहीण मदत करते." ते खोटं नव्हतं.

केतकी परीक्षेत पास झाली. तिच्या सरांनी विचारलं, कुणी शिकवलं? ती म्हणाली, आईने आणि मावशीने. तिने घरी येऊन हे आनंदाने सांगितलं. 'आणि मावशीने' हे दोन शब्द मी पुढे कितीतरी दिवस चघळत राहिले.

शिवण

फेब्रुवारीत हाड परत बसवलं. पोट उघडून काढलं आणि डोक्यात, जिथलं तिथे. डॉक्टर म्हणाले, कडेला थोडं झिजलंय, बाकी उत्तम. अजून कानाच्या वर बोटाचं टोक बसेल एवढी खाच लागते. ऑपरेशनला जाताना फार घाबरू नका, हे दुसरं पहिल्यापेक्षा सोपं असतं. जाग येते तेव्हा आपण कोण आहोत हे आठवत असतं, हाच केवढा फरक.

डोकं परत गोल झालं. लोक म्हणायला लागले, काही झालंय असं वाटतसुद्धा नाही. पंधरा दिवसांनी दमू गेली. केतकी रडली, विलासने तिला उरणच्या बसमध्ये बसवून दिलं. मी त्याच दुपारी हळद मधल्या वाटीत आणली, गाळणी ड्रॉवरमध्ये ठेवली, ताटं वरच्या फळीवर. उजव्या हाताला अजून नीट पकड नव्हती, वेळ लागला. रविवारी कोलंबीचं कालवण केलं. केतकी म्हणाली, "मस्त झालंय, आई." दुसऱ्यांदा घेतलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि जेवताना कुणी फार बोललं नाही.

मार्चमध्ये अर्ध्या वेळेचं काम मागायला कॉलेजात गेले. आमच्या सरांनी एक कवटी माझ्यापुढे ठेवली. मी दोन्ही हातांनी उचलली. नावं सांगत गेले. नाकातल्या पडद्याचं व्होमर आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातलं लॅक्रिमल ही दोन आली नाहीत. सर म्हणाले, "ती पहिल्या वर्षाच्या कुणालाच येत नाहीत. उद्यापासून या." मी जिना उतरताना कठडा घट्ट धरला.

केतकी रोज संध्याकाळी मावशीला फोन करत होती. मी स्वयंपाक करता करता कान लावून ऐकायचे.

मोऱ्याला

एप्रिलमध्ये मी एकटी मोऱ्याला गेले. विलास नको म्हणत होता. मला दमूची माफी मागायची होती, आणि ते कुणासमोर नको होतं.

धक्क्याच्या अलीकडे दमूचं घर. समोर बांबू रोवून दोऱ्या बांधलेल्या, त्यावर ती बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. लहानपणी आम्ही दोघी ते करायचो आणि कोण जास्त जोड्या घालतं यावरून भांडायचो. तिने मला पाहिलं, हात ओढणीला पुसले, जवळ येऊन न विचारता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खाचेशी बोट थांबलं.

"बसलं नीट," ती म्हणाली. "चाय ठेवते."

"नंतर ठेव. मला बोलायचंय."

मी सगळं सांगितलं. वाढदिवसाच्या दिवशी मी दवाखान्यात का गेले नाही, ते. कालवणाचं. केसांना तेल, हळदीची वाटी, स्फेनॉइड. तिने माझी घाण काढली, मला भरवलं, आणि मी तिच्यावर जळत पडले होते, ते. सांगताना दोन-तीनदा शब्द अडले, ती थांबली, तिने पुरवले नाहीत. मी म्हटलं, मला माफ कर.

दमूने एक जोडी अडकवून दोरीवर टाकली, मग दुसरी घेतली.

"ताय, तू खुर्चीवरनं कलंडलीस ना," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजं तोंड वाकडं झालं, डोलं फिरलं. मी समोरच होती. तवा माज्या मनात पयलं काय आलं, म्हाईत हाय? दाजींना हाक मारायच्या आदी?"



"आलं की आता केतकी माजी." तिने हातातली जोडी दोरीवर टाकली. "एक घडी. मंग मी वरडली."

समुद्रावरून वारा येत होता, दोरीवरचे बोंबील हलत होते. मला वाटलं, आता मला राग येईल. मी त्याची वाट पाहिली.

"एकच घडी?" मी विचारलं.

"तवा एक घडी."

"आणि नंतर? आमच्याकडे होतीस तेव्हा?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या आईसारखे डोळे आहेत तिचे, मोठे, खोटं न बोलता येणारे.

"रोज," दमू म्हणाली. "तुला नवरा, तुला पोर, तुला नोकरी. हाड काडलं तरी सगली तुज्याच खाटंभोवती. मी चाय घेऊन उबी. पोरगी माज्या मांडीवर डोकं ठेवायची नि विचारायची काय, तर मावशी, आई बरी होईल ना."

राग आला नाही. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. डोक्यात खड्डा, तोंडात शब्द नाही, उठायला दोन माणसं लागतात, अशी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि समजत होते की माझं सगळं गेलं. आणि त्याच वेळी, त्याच घरात, कुणीतरी माझ्याकडे बघून जळत होतं. माझ्यापाशी अजून खूप काही आहे, हे मला पाच महिन्यांत एकाही डॉक्टरने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

"सरक," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी बोंबलांच्या टोपलीपाशी बसले.